जोडव्याखालचं बोट

बाईच्या पायातलं जोडवं कापायला मला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कापू दे म्हणून तिला राजी करायला मात्र कधी तास लागतो, कधी अख्खी दुपार जाते. एकदा दोन दिवस गेले. हा लेख खरं तर त्या दोन दिवसांचाच आहे. त्याआधी जे सांगणार आहे ते तिथवर पोचायचा धीर यावा म्हणून.

मी तिसगावची सोनारीण. सोनारीण म्हटलं की लोकांना वाटतं, बाई सोन्यात लोळत असेल. आमच्या बाजारपेठेतल्या दुकानात सोनं बोटभर आणि चांदी पायलीभर. लेकरांचे वाळे, बाप्यांचे करदोडे, पोरींची पैंजणं, आणि सगळ्यांत जास्त जोडवी. मालक गेले तेव्हा दुकान विकून टाका म्हणणारे पुष्कळ निघाले. मी त्यांच्याशेजारी बसून वीस वर्षं फुंकणी फुंकली होती, तार ओढली होती, तुटलेलं जोडायला डाग दिला होता. तेराव्यानंतर शटर वर केलं आणि त्यांच्या जागेवर बसले. आठ दिवस कुणी पायरी चढलं नाही. नवव्या दिवशी एक बाई तुटलेलं पैंजण घेऊन आली आणि "सोनार कुठाय?" म्हणाली. म्हटलं, "हा काय, बसलाय की."

जोडवं ही वस्तू फार साधी. चांदीची जाड तार किंवा पट्टी, बोटाभोवती वेढा देऊन वळवलेली. अंगठ्याशेजारच्या बोटात बसते. वरून नक्षी दिसते. खाली, तळव्याच्या बाजूला, दोन्ही टोकं उघडी असतात. ती टोकं पकडीनं दाबली की जोडवं बसतं, फाकवली की निघतं. दाबायचं किती, हीच सगळी विद्या. ती मालकांनी मला पहिल्या महिन्यातच शिकवली होती. जोडव्याखालून सुताचा दोरा सहज सरकला पाहिजे. दोरा अडला तर घट्ट, दोरा पडला तर सैल.

हे काम गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेतल्याशिवाय होत नाही. इतक्या वर्षांत इतके पाय मांडीवर आले की पाय बघून मी बाईचं काम सांगते. ज्वारी काढणारीच्या टाचा वेगळ्या, शिवणयंत्रावर बसणारीच्या वेगळ्या. मास्तरणीचा पाय वरून गोरा आणि चपलेचा पट्टा घासतो तेवढ्यापुरता काळा.

एक सांगायचं राहिलं. नवरीच्या पायात लग्नाची जोडवी मी घालत नाही, माझी सून घालते. मी विधवा. कुणी मला तसं सांगितलेलं नाही. कुणी म्हणायच्या आत मीच सुनेला पुढं केलं. पण जुनी जोडवी दाबायला, फाकवायला, डाग द्यायला माझा हात सगळ्यांना चालतो. निदान मला तसं वाटत होतं.

कापायची वेळ येते ती बहुतेक दवाखान्यामुळं. ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढून या म्हणतात, आणि बाईची जोडवी काही निघत नाहीत. अशीच एक आजी मोतीबिंदूसाठी निघालेली. लग्नात घातलेलं जोडवं, मांसात असं रुतलेलं की जणू बोटाबरोबरच उगवलेलं. मी घाबरत घाबरत विचारलं, "आजी, कापलं तर चालेल ना? बाबा आहेत म्हणून विचारते." बाबा म्हणजे तिचे यजमान, ते दुकानाच्या पायरीवर बिडी ओढत बसले होते. आजी मोठ्यानं म्हणाली, "काप गं तू. त्ये काय इतक्यात मरत न्हाई." बाबांनी मागं वळून बघितलं आणि बिडी तशीच चालू ठेवली. त्या आजीमुळं माझा असा समज झाला की जोडव्याची भीती आता लोकांच्या मनातून उतरली आहे.

आता गारठ्याकडं येते, त्या दोन दिवसांचं मूळ तिथंच आहे. त्यातला पहिला धडा मला सवितानं दिला. सविता इथलीच लेक, शिर्डीला दिलेली, तिथं त्यांचा फुलांचा स्टॉल. संक्रांतीला माहेरी आली ती थेट दुकानात भांडायलाच आली. दिवाळीत माझ्याकडून चांदीची अंगठी नेली होती. दोन्ही हात तिनं माझ्या काचेच्या पेटीवर आपटले.

"काकू, काय मिसळलंय चांदीत? बगा माझी बोटं!"

बोटं बघून मी हबकलेच. सुजून गोल झालेली, लालजांभळी, सांध्यावर कातडी तुकतुकीत ताणलेली. पण त्याहून जास्त मला झोंबलं ते चांदीचं. तिच्यासमोर अंगठी कसाला लावली, तेजाबाचं पाणी टाकून दाखवलं. चांदी चोख. ती ऐकेना. मी मागं हटेना.

नशिबानं आमच्या आरोग्य केंद्रातल्या शेळके सिस्टर त्याच वेळी लेकीची पैंजणं न्यायला आल्या होत्या. त्यांनी आमचं भांडण थोडा वेळ ऐकलं आणि सविताचे हात स्वतःच्या हातात घेतले.

"अंगठी किती बोटांत आहे?" त्यांनी विचारलं.

"एका."

"आणि सूज?"

सवितानं स्वतःच्या हातांकडं असं बघितलं जसं ते आत्ताच कुणीतरी आणून दिलेत. सूज आठ बोटांना होती.

सिस्टरनी मग तिचा दिवस विचारला. पहाटे फुलांचे गठ्ठे उतरवायचे, बादलीतल्या गार पाण्यात बुडवायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचे, हार ओवायचे. हात दुपारपर्यंत कोरडे होतच नाहीत. बोटं बधिर झाली की शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीवर धरायची. आणि रात्री गोधडीत शिरलं की अशी खाज आणि आग सुटते की हात कापून टाकावेसे वाटतात.

"हा गारठा आहे," सिस्टर म्हणाल्या. "चिलब्लेन म्हणतात त्याला. बर्फच पडायला पाहिजे असं नाही. गार आणि ओलं, दोन्ही एकत्र आलं की पुरे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. गारठ्यात बोटांतल्या बारीक शिरा आकसतात, रक्त आत कमी येतं, म्हणून बोट पांढरं पडतं, बधिर होतं. त्याच वेळी तुम्ही ते विस्तवावर धरलंत की रक्त एकदम धावत येतं, पण आकसलेल्या शिरांना ते पेलत नाही. कोरड्या पाटात एकदम सगळं पाणी सोडलं तर पाट जागोजागी फुटतो आणि बांधाला ओल येते, तसं. ती ओल म्हणजे सूज. पायाची बोटं, हाताची बोटं, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा, जिथं रक्त आधीच बेताचं पोचतं तिथं हे होतं. आपल्याकडं पायाला झालं की लोक चिखल्या म्हणून मोकळे होतात. पण चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात, पांढऱ्या, ओल्या. हे बोटांच्या पाठीवर येतं, लाल आणि जांभळं.

"औषध काय?" सवितानं विचारलं.

"कोरडं ठेव. ऊब दे, पण हळूहळू. कापड गुंडाळ, काखेत हात धर. शेगडीला शिवायचं नाही. खाजवून कातडं फोडायचं नाही. पंधरा-वीस दिवसांत आपोआप उतरेल. फोड आला, पू झाला, नाहीतर रंग काळा पडायला लागला तर मात्र लगेच दवाखाना." आणि मग माझ्याकडं वळून, "आणि काकू, अंगठी आत्ताच्या आत्ता काढा तिची. सुजलेल्या बोटाला अंगठी म्हणजे फास."

मी अंगठी काढली. सविता ओशाळून चहा पिऊन गेली. माझी चांदी चोख ठरली याचाच मला आनंद. फास हा शब्द मी कानांनी ऐकला आणि तिथंच सोडून दिला.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मंदा दिवाळीनंतर दुकानात आली. मंदा म्हणजे आमच्या भागातली कांदा लागणीची मुकादमीण. दहा-बारा बायकांची टोळी तिच्या हाताखाली. थंडी सुरू झाली की पिकअपमध्ये बसून सकाळीच कुणाच्या तरी रानात जायचं, आणि पाणी भरलेल्या वाफ्यात अनवाणी उभं राहून, कमरेत वाकून रोपं टोचायची. दिवस मावळेपर्यंत पाय चिखलात. जीभ अशी धारदार की शेतकरी तिच्याशी हुज्जत घालायच्या आधी पाणी पिऊन घ्यायचे. पस्तिशीची असेल. नवरा मोठ्या ट्रकवर ड्रायव्हर, महिना-महिना बाहेर.

तिनं पाय माझ्या मांडीवर टाकला. "काकू, चांगली घट्ट दाबा. गेल्या साली एक जोडवं वाफ्यात गेलं, ते कांदा काढताना घावलं. तवर आख्ख्या गावानं मला इचारून घेतलं, जोडवं कुठं गेलं म्हणून."

मी म्हटलं, "दोरा सरकला पाहिजे गं."

"तुमच्या दोऱ्याला कुठं चिखलात जायचं हाय? दाबा तुमी."

मी दाबलं. चिखलातल्या बायकांना मी तशीच दाबून द्यायची, तिलाच काही वेगळं दिलं नाही. गिऱ्हाईक म्हणेल तसं द्यायचं, हाही एक शिरस्ता असतो दुकानाचा. टोकं एकमेकांवर चढवली. दोरा सरकवून बघितलाच नाही. ती उठून पाय आपटून बघत म्हणाली, "आता कसं!"

त्या डिसेंबरात आभाळ आलं. बारीक झिमझिम, वरून बोचरं वारं, चार दिवस ऊन म्हणून दिसलं नाही. कांद्याची रोपं लावायला आलेली, ती थांबत नाहीत. बाजाराच्या दिवशी दुपारी मंदा आली. येताना लंगडत होती. बाकावर टेकली आणि म्हणाली, "काकू, ह्ये जरा सैल करा. लई खाज सुटतीय."

पायात मोजा, मोज्यावरून दुधाची प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरानं बांधलेली. पाणी आत जाऊ नये म्हणून. पिशवी सोडली तर आतून घामानं निथळत होती. मोजा सोलून काढला आणि माझ्या हातातून तो खालीच पडला.

पाचही बोटं सुजलेली. पण अंगठ्याशेजारचं बोट तर बोट राहिलंच नव्हतं. मुळाशी एक खोल खाच, त्या खाचेत कुठंतरी माझं जोडवं, आणि खाचेच्या वर बोट फुगून काळपट जांभळं झालेलं. बोटाच्या पाठीवर एक फोड फुटलेला.

"मंदे, काय केलंस हे?"

"काय करनार? दुपारी बांधावर तुराट्या पेटवतो अन् पाय वर धरतो समद्या जनी. गार पडल्याले आसत्यात, चटका बी कळत न्हाई. मंग जाग आली की आग आग."

सविताचे हात डोळ्यांपुढं आले. सिस्टरचा शब्द आता आठवला. मी पकड घेतली, टोकं शोधली. ती मांसात बुडाली होती, फाकवायला जागाच नव्हती. म्हटलं, "हे सैल होणार नाही. कापावं लागेल. आत्ता."

मंदानं पाय मागं घेतला.

"कापू नगा."

"अगं बोट जाईल."

"मालक गाडीवर हायेत. तिकडं उत्तरंला गेल्यात. लई धुकं हाय म्हनं तिकडं. कालपासून फोन लावतीय, लागत न्हाई." तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. हीच का ती शेतकऱ्यांना पाणी पाजणारी बाई, असं मला वाटलं. "त्ये तिकडं आन् मी हितं जोडवं तोडून बसू व्हय?"

मी म्हटलं, कापलं की लगेच काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधते, अंगावरून उतरलं असं होणारच नाही. त्यांचा फोन लागला की सांग. मग तिची नजर माझ्या पायांवर गेली. माझ्या मोकळ्या बोटांवर.

"काकू, राग मानू नगा," ती म्हणाली, "पर काढायचंच आसंल तर तुमच्या हातानं नगं."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर एवढा धक्का बसला नसता. मालक गेल्यापासून सतरा वर्षं मी या पेठेत बसले होते. या बाईचे पाय मी किती वेळा मांडीवर घेतले होते. जोडवं घट्ट करायला माझा हात चालत होता, आणि ते उतरवायला माझा हात अपशकुनी. कान तापले. समोर काय दिसतंय ते दिसेनासं झालं.

"मग जा," मी म्हटलं. "सिस्टरकडं जा, नाहीतर राहा तशीच."

ती मोजा हातात घेऊन लंगडत गेली. पिशवी माझ्या बाकाखालीच राहिली.

संध्याकाळी पूजा करताना सुचलं, की सून आतच होती. तिला हाक मारली असती, तिच्या हातात कटर देऊन तिच्या हातावर माझा हात ठेवला असता, तर सवाष्णीच्या हातानं जोडवं निघालं असतं. दोन मिनिटांचं काम. मंदाचंही मन राखलं असतं, बोटही. पण तेव्हा मला माझ्या मानाचं पडलं होतं. सिस्टरला फोन करायचंही सुचलं होतं, तोही केला नाही. म्हटलं, जाईल आपली ती.

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीची पिकअप दुकानापुढून गेली, मंदा पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेली. मुकादमीण गेली नाही तर टोळी उभी राहत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून एका वाळ्याला कानस मारायला लागले. त्या वाळ्याला कानशीची काही गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन आला. "काकू, कटर घेऊन या. लगेच." आमच्या केंद्रात अंगठी कापायचं साधन नाही, असलं काम निघालं की मलाच बोलावतात. कोण आहे हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मंदा टेबलावर आडवी होती. सकाळी वाफ्यात उतरताना ती पडली, टोळीतल्या बायकांनी पिकअप मागं फिरवून आणलं. पाय मी बघितला. आता वर्णन करत नाही. वास येत होता एवढंच सांगते.

माझा हात पुढं जाईना. मी म्हटलं, "सिस्टर, माझ्या हाताचं तिला चालत नाही." सिस्टरनी माझ्याकडं असं बघितलं की मी आयुष्यभर विसरणार नाही. तेवढ्यात मंदाचा मोबाईल वाजला. तिनं झडप घालून उचलला. नवरा होता. धुक्यामुळं गाडी दोन दिवस एका धाब्यावर उभी, मोबाईलची बॅटरी संपलेली. मंदा रडत रडत त्याला सांगायला लागली आणि त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आगं काप म्हनावं! मी काय तुझ्या जोडव्यावर जित्ता हाय का? कोन हाय तिथं? काकू हायेत का? काकू, कापा ते आदी!"

मंदानं मोबाईल छातीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. "कापा, काकू."

सुजलेल्या बोटात जोडवं कापायचं म्हणजे आधी जोडवं आणि कातडी यांच्यात पातळ पत्र्याची पट्टी सरकवावी लागते, म्हणजे कटरचं तोंड मांसाला लागत नाही. जागाच नव्हती. मी पट्टी अक्षरशः मांसातून सरकवली. तिच्या ओरडण्याची वाट बघत माझे खांदे वर गेले होते. ती ओरडली नाही. कटर लावला, दाबला. टक् असा आवाज झाला. पकडीनं दोन्ही बाजू धरून जोडवं उघडलं, बाहेर काढलं. खाचेत हाडासारखं काहीतरी पांढरं दिसलं. मंदा डोळे मिटून तशीच पडून होती, दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या.

"झालं," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. "काय झालं?"

"कापलं."

"कापलं? कवा?"

सिस्टर आणि मी एकमेकींकडं बघितलं. तिला काहीच कळलं नव्हतं. बोटात काही जीवच उरला नव्हता. मी भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या मुठीत ते जोडवं होतं, आणि त्याच्या टोकांवर माझ्या पकडीचे दात उमटलेले होते, दिवाळीनंतर दाबल्याचे. एवढा जोर लावून मी कधी काय दाबलं असेल असं आठवत नाही.

अँब्युलन्सनं तिला नगरला नेलं. पाचव्या दिवशी सिस्टर दुकानात आल्या. बोट काढावं लागलं होतं. पाय वाचला. मग त्या म्हणाल्या, "काकू, नुसत्या गारठ्यानं बोट जात नसतं. सूज पंधरा दिवसांत उतरली असती. आत जोडवं होतं म्हणून रक्त तुटलं, त्यात विस्तवाचा फोड, त्यात चिखल." मला धीर द्यायला बोलत होत्या बिचाऱ्या. मला त्यातला एकच शब्द ऐकू येत होता, जोडवं.

नवरा धडधाकट घरी आला. गाडीला ओरखडाही नव्हता.

तेव्हापासून मी जोडवं घट्ट दाबत नाही. कुणी कितीही सांगो. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तर जावो, काही गेलीही. दोरा सरकवून दाखवल्याशिवाय मी पाय मांडीवरून उतरवू देत नाही. आणि कांद्याची रोपं लावायला आली की मी स्वतः टोळ्यांकडं जाते, पिकअप निघायच्या आधी, सुनेला घेऊन. सुनेनं आता कटरही शिकून घेतला आहे. चिखलात जायच्या दिवसांत जोडवी उतरवायची आणि मंगळसूत्राच्याच दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, ही रीत आम्ही दोघींनी काढली. सुरुवातीला बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघत. मग एका म्हातारीनं विचार करून सांगितलं, "अंगावरच हाय की. पायात न्हाई, गळ्यात हाय. मान वाडला की उलटा." तिच्या त्या वाक्यानं जे झालं ते माझ्या आणि सिस्टरच्या शंभर भाषणांनी झालं नसतं.

बाकी मी तेच सांगते जे सिस्टर सांगतात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला, एक माप मोठे, आत लोकरीचे मोजे, आणि डब्यात मोज्यांचा एक कोरडा जोड जास्तीचा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम साचतो. दुपारी पाय कोरडे पुसा, गोणपाटावर ठेवा, गोधडीत गुंडाळा, आपल्याच हातांनी चोळा, हलके. तुराट्या पेटवायच्या असतील तर चहाला पेटवा. हसतात बायका. पण पाय आता विस्तवावर धरत नाहीत. मी बांधावर जाऊन बघून येते.

शेकोटीपाशी पाय पसरून बसलेल्या बायका रस्त्यानं जाताना दिसल्या की अजून माझे पाय तिकडंच वळतात. अनोळखी असल्या तरी मी थांबते. एकदा एकीनं विचारलं, "तुमी डाक्टरीन हाय का?" म्हटलं, "नाही, सोनारीण." तिला ते काही उलगडलं नाही.

मंदा दुकानात आली ती चैत्रात. तिच्या घरी मी आधी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा तिनं चहा केला, आणि त्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. माफी मागायला गेले होते आणि चहा पिऊन आले. त्या दिवशी ती अशीच भरदुपारी आली. जरा हळू चालत होती, पण लंगडत नव्हती. बाकावर बसली. पदराच्या गाठीतून तिनं जोडवं काढलं. मी कापलेलं, मीच नंतर डाग देऊन, घासून, टोकं गोल करून तिच्या घरी पोचवलेलं.

"घाला, काकू," ती म्हणाली.

मी सुनेला हाक मारायला तोंड उघडलं. मंदा म्हणाली, "तुमीच घाला." आणि नेहमीसारखा पाय माझ्या मांडीवर टाकला.

मी जोडवं फाकवलं. दोरा शेजारी काढून ठेवला. खाली न बघता, सवयीनं, माझी बोटं अंगठ्याशेजारच्या बोटाकडं गेली. तिथं काही नव्हतं. गुळगुळीत, घट्ट झालेली कातडी, आणि मग एकदम पुढचं बोट. माझा हात तिथंच थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळेना की जोडवं कुठं घालतात.

"मंदा," मी म्हटलं, "कुठं घालू गं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळे कोरडे होते.

"त्येच इचारायला आले हुते, काकू," ती म्हणाली.